एका बोटाचा पासवर्ड

सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची, आपणही वहिनीच म्हणू. त्या दुपारी चष्म्याच्या दुकानात दिराखेरीज चिटपाखरू नव्हतं, म्हणून ती नवाकोरा टॅब घेऊन काउंटरमागे बसली. काम तसं साधंच, नवऱ्याचं खातं उघडायचं. नवरा काचा घासताना गुणगुणायचा आणि हौसेने ते फोनवर रेकॉर्ड करून स्वतःच्या ऑनलाइन खात्यात ठेवायचा. अपघातात तो गेला, फोनचाही चुरा झाला. वापर नाही म्हणून ते खातं आज बंद होणार होतं, आणि त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता.

पासवर्ड तिने कधी विचारलाच नाही. दुकानातला कॉम्प्युटर तो आपोआप भरायचा, मग विचारतंय कोण! पण गेल्या आठवड्यात दिराने मदत म्हणून कॉम्प्युटर लख्ख करायला घेतला आणि जुना ब्राउझरच उडवला. पासवर्ड त्यातच साठवलेला होता. दुसऱ्या ब्राउझरला, दुसऱ्या यंत्राला त्यातलं काही ठाऊक नसतं, हे त्यानेच खाली मान घालून तिला समजावलं होतं. तरी आशा वेडी असते.

तिने नवऱ्याचं नाव टाकलं. पासवर्डच्या रिकाम्या चौकटीत एक ठिपका उमटला. मग दुसरा.

"भाऊजी, हा भरतोय..."

दीर जवळ आला. "टॅब कोरा आहे, वहिनी. आणि भरलाच तर एकदम भरतो. असा एकेक..."

चार ठिपके उमटले आणि थांबले. वहिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. नवरा एकाच बोटाने टाइप करायचा, आणि चार अक्षरं झाली की थांबून नाकावरचा चष्मा वर सरकवायचा. तेवढाच वेळ गेला. पुढचे ठिपके आले आणि खातं उघडलं. दुकानात ओल्या काचेच्या भुकटीचा वास पसरला, आणि घासायचं यंत्र तर कित्येक महिने बंद होतं.

तिने पहिलं रेकॉर्डिंग लावलं. आवाज तिचा स्वतःचाच.

"अहो, जेवलात का?"

तो गेल्यावर रिकाम्या खुर्चीला ती हेच विचारायची. दुसरं लावलं, तेही तिचंच. तारखा सगळ्या तो गेल्यानंतरच्या. त्याचं गुणगुणणं कुठेच नाही. हे तुम्ही केलंत का, असं तिने दिराला विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. घाबरावं की हायसं वाटून घ्यावं, तिला काही उमजेना.

राहिलं होतं शेवटचं. त्यात दारावर थापा पडत होत्या.

"वहिनी, दार उघडा... वहिनी..."

आवाज दिराचा. आणि दीर तर ओठ मिटून शेजारी उभा. मग थापांपेक्षा जवळून, अगदी कानाशी, नवऱ्याचा आवाज आला. तोच.

"आलीस? बस."

वहिनीला रडू फुटलं. दीर मात्र खालची तारीख बघत होता.

"वहिनी... ही उद्याची आहे."

तिने ऐकलं की नाही, देव जाणे. ती पुन्हा तेच लावत होती.