सहा नंबरची खाट

कुणाच्या पायाला हात लावून मी आजवर कधी किंचाळले नव्हते. त्या दिवशी किंचाळले.

मी शिकवते त्या नर्सिंग कॉलेजात सरावासाठी एक वॉर्ड आहे. आठ खाटा, आठ रबरी पुतळे. ते कुरकुर करत नाहीत, सलाईन उपटत नाहीत, घरी कधी सोडणार म्हणून विचारत नाहीत. म्हणजे अगदी गुणी पेशंट! वर्ग भरायच्या आधी मी तिथे एक फेरी मारते. हातातली यादी वाचत चालायचं, चादरी सारख्या करायच्या आणि जाता जाता प्रत्येकाच्या पायाला हात लावायचा. सवयच आहे. तर सहा नंबरपाशी आले, चादरीखाली हात घातला आणि... पाय गरम!

"आई गं!"

पुतळा धडपडत उठला आणि उशीखाली चष्मा शोधायला लागला.

"घाबरू नका, सिस्टर. मी... मी खेळ बनवतो."

"झोपून?"

"पेशंटला इथून काय दिसतं ते बघत होतो. पंखा दिसतो, छताचे पोपडे दिसतात. आणि सिस्टर दिसतात, पण बहुतेक पाठमोऱ्या." मग त्यानं जीभ चावली. "म्हणजे तुम्ही नाही... सगळ्याच."

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. इतक्या लवकर कशाला?

आमच्या प्राचार्यांनी, म्हणजे मोठ्या मॅडमनी, त्याला बोलावलं होतं. एकाच वेळी चार पेशंट हाका मारत असताना आधी कुणाकडे जायचं, हे पहिल्या वर्षाच्या मुलींना टॅबवरच्या खेळातून शिकवायचं, अशी त्यांची कल्पना. खेळ बरोबर आहे की नाही हे तपासायचं काम माझ्या गळ्यात. मी आधीच वैतागले होते. मुलींच्या हातून फोन सुटत नाही, त्यात हा बाबा आणखी खेळ घेऊन आलाय!

दुसऱ्या दिवशी तो आला तर टॅब नाही की काही नाही. त्यानं टेबलावर शर्टाची आठ पांढरी बटणं मांडली आणि चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा ठेवला. शेवटी खिशातून एक मोठं लाल बटण काढलं.

"हे पेशंट. आणि ह्या तुम्ही."

"मी एवढी मोठी?"

"नाही हो... तुम्ही चटकन दिसायला हव्यात म्हणून," म्हणता म्हणता त्याचे कान बटणाच्या रंगाचे झाले.

मी नाक मुरडून खेळायला बसले. तो चिठ्ठी उलटायचा – तीन नंबरचं सलाईन संपलं. पाच नंबरला उलटी. एक नंबर बेल वाजवतोय. मी लाल बटण घेऊन इकडून तिकडे पळत होते. दहा मिनिटांत माझ्या घशाला कोरड पडली आणि छाती धडधडायला लागली. अहो, खऱ्या वॉर्डात सात वर्षं काढलेली बाई मी, आणि घाम कुणासाठी फुटला? बटणांसाठी! मी त्या टेबलाकडे बघतच राहिले. या माणसानं चार नियम आणि मूठभर कागदांतून अख्खा वॉर्ड उभा केला होता.

"हे कसं केलंत तुम्ही?"

"मी काही केलं नाही. वॉर्ड तुमच्या डोक्यात होता, मी फक्त दार उघडलं."

असली वाक्यं तो बटणांकडे बघत बोलायचा. माझ्याकडे बघून त्याला "चहा घेता?" एवढंच जमायचं. पण महिनाभर आम्ही रोज बसलो. खिडकीवर पाऊस टपटपायचा, आम्ही चिठ्ठ्यांवरून भांडायचो, आणि डबा उघडला की भांडण मिटायचं. एक दिवस आई म्हणाली, "अलीकडे भूक वाढलीय वाटतं तुझी? पोळ्या दुप्पट नेतेस."

"काम वाढलंय, आई."

"दिसतंय हं, काम चष्मा लावतं ते." कोपऱ्यावर तो मला सोडायला येतो, हे तिनं खिडकीतून केव्हाच हेरलं होतं.

मग खेळ टॅबवर आला आणि चाचणीचा दिवस उजाडला. तीस मुली तुटून पडल्या. सगळ्यांत पुढे आमची घाईताई. ही पोरगी जिनासुद्धा दोन-दोन पायऱ्या गाळून चढते. तिला शंभरात अठ्ठ्याण्णव. टाळ्या, शिट्ट्या! मोठ्या मॅडम खूश, तो तर हवेत.

मी निकालाची यादी वाचत होते. वाचता वाचता थबकले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली.

तिसांपैकी तीस खेळांत सहा नंबरचा पेशंट मेला होता, आणि एकाही मुलीच्या ते लक्षात आलं नव्हतं.

चूक अगदी साधी होती. बेल ऐकून जितक्या लवकर धावाल तितके गुण, असा नियम त्यानं टॅबवर आणताना घातला होता. सहा नंबरनं बेल वाजवलीच नव्हती.

मुली गेल्यावर मी यादी त्याच्यापुढे आपटली. "तुमच्या खेळानं माझ्या मुलींना पळायला शिकवलं. बघायला नाही!"

त्यानं यादी वाचली. स्वतःची बाजू मांडली नाही, सबबी सांगितल्या नाहीत. मग म्हणाला, "सिस्टर, तुम्ही रोज सहा नंबरपाशी इतरांपेक्षा जास्त थांबता. का?"

हे कधी कुणी विचारलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही.

"माझी पहिली नोकरी," मी म्हणाले. "सहा नंबरला एक आजोबा होते. कधी काही मागायचे नाहीत. त्या दिवशी सगळ्या वॉर्डात बेल वाजत होत्या आणि मी धावत होते. चार वेळा त्यांच्या खाटेवरून गेले. त्यांना वाटलं असेल, पोरगी कामात आहे, कशाला त्रास द्या... पाचव्यांदा थांबले तेव्हा पाय बर्फासारखे होते."

त्यानं पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि गप्प बसून राहिला. त्याचं ते गप्प बसणं मला फार आवडलं.

"हे खेळात घालू का?" त्यानं हळूच विचारलं. "नको म्हणालात तर नाही घालणार."

"घाला. पण जाताना त्यांना हाक मारायला लावू नका. त्यांनी मारली नव्हती."

मोठ्या मॅडमनी पंधरा दिवस दिले. तेवढ्यात प्रत्यक्ष परीक्षेत मुलींचं काम सुधारलं तर ठीक, नाहीतर टॅब खोक्यात आणि तोही आपल्या गावी परत. तो जाईल या विचारानं मला अन्न गोड लागेना. आणि त्याहून मोठी भीती ही, की यातली एखादी मुलगी उद्या माझ्यासारखीच चार वेळा पुढे निघून जाईल.

नव्या खेळात गुणच नव्हते. ड्युटी संपली की खेळ तुम्हाला हळूहळू एकेका खाटेपाशी नेई. पेशंट दिवस कसा गेला ते सांगत. आणि ड्युटीत तुम्ही सहा नंबरकडे फिरकला नसाल, तर तिथे फक्त घडी घातलेली चादर.

तीसही मुलींनी तो खेळून पाहिला. घाईताईनं डोळे पुसले आणि खेळ पहिल्यापासून लावला. मी शिकवून, ओरडून, समजावून इतक्या वर्षांत जे साधलं नव्हतं, ते एका घडी घातलेल्या चादरीनं केलं होतं.

रबरी पाय गार पडत नाहीत, म्हणून परीक्षेच्या दिवशी सहा नंबरवर तोच झोपला, तळव्यांना बर्फ लावून. एक नंबरची बेल वाजली, मग चारची, मग सातची. घाईताई सुटली बाणासारखी. एक, दोन, तीन... सहा ओलांडून पुढे गेली. मी डोळे मिटून घेतले.

आणि तिची पावलं थांबली.

डोळे उघडले तर ती मागे वळली होती. तिनं चादरीखाली हात घातला. "मॅडम! सहा नंबरचे पाय गार आहेत!"

मला रडू आवरेना. आवरलंही नाही. मोठ्या मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "खेळ आता इथेच राहणार."

संध्याकाळी वॉर्ड रिकामा झाला. तो अजून तसाच पडून होता. मी पायाला हात लावला.

"अहो, बर्फ काढून तास झाला की! अजून गार?"

"हा बर्फाचा गारठा नाही, सिस्टर. भीतीचा आहे."

"मुली पास झाल्या. आता कसली भीती?"

तो छताकडे बघत राहिला. मग पहिल्यांदाच, बटणं नाहीत, टॅब नाही... सरळ माझ्याकडे बघितलं. "मी बेल वाजवणाऱ्यांतला नाही. म्हणून... मला काही होत नाही, असं समजू नका."

पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही, हे मी दरवर्षी पहिल्याच दिवशी मुलींना बजावून सांगते.

मी बसले. त्याचे पाय दोन्ही हातांत धरून, गरम होईपर्यंत बसले.