सावळीला हाक

लायट का जाते ते मला विचारा. तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत मी इलेक्ट्रिकल फिटर. लोक अंधारात देवाचं नाव घेतात, तेव्हा मी कुठला फ्यूज उडाला ते बघतो. गाव माझं गडहिंग्लजकडचं. शाण्णव साली गोव्यात आलो तो बायकोला, रत्नाला, आणि दोन्ही पोरांना घेऊनच. गोकुळदास म्हणून एक भला माणूस होता, त्याच्या घरामागच्या दोन खोल्या आम्हाला भाड्याने मिळाल्या.

थोरला सुधीर सहा वर्षांचा, त्याच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू. धाकटी सुविधा चारची झाली तरी तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. म्हापशाच्या एका डॉक्टरने कान बघितले, जीभ बघितली, सगळं ठाकठीक आहे म्हणाला. रत्नाने नवस बोलून बघितले, मी चिडून बघितलं. पोरगी नुसती टकमक बघायची. एकदा आई म्हणू दे, मग देवाकडे काही मागणार नाही, असं रत्ना रोज म्हणायची.

रत्ना पॅकिंगला होती, आठला सुटायची. तोवर पोरं गोकुळदासच्या बायकोकडे, सुमंगलावहिनींकडे. आणि पावसाळ्यात तिन्हीसांजेला लायट जायची म्हणजे जायचीच. फणसाची फांदी तारांवर आली की सगळी वाडी अंधारात गुडूप. सुधीर भोकाड पसरायचा. सुविधा आवाज न करता रडायची, ते बघवत नसे.

पण काय सांगू, त्या बाईच्या हातात जादू होती! पाटावर एक मेणबत्ती, समोर चुन्याची भिंत, आणि मध्ये वहिनींचे दोन हात. ससा कान हलवायचा. मनगट वळलं की कोंबडी, अंगठा लपला की होडी, आणि होडी वल्हवणारा म्हातारा मध्येच थांबून खोकायचासुद्धा. मी ओली छत्री घेऊन दारातच उभा राहायचो. कारखान्यात जर्मन मशिनं बघितली, पण इतकी सफाई कुठं बघितली नाही. रडणारी पोरं पाच मिनिटांत मांडी घालून बसलेली असायची.

मेणबत्ती पेटवताना वहिनी पोरांना म्हणायच्या, "भियाव नकात. आता सावळी येतली."

एकदा घरी मेणबत्ती सापडेना. अंधारात सुधीरने विचारलं, बाबा, सावळी कोण? मला वाटलं, शेजारची एखादी पोरगी असेल, रंगाने सावळी, म्हणून ते नाव. मी म्हटलं, मार की हाक तिला, येईल खेळायला. सुधीरने मोठ्यांदा हाक मारली. मीही मारली.

पुढे इस्टेटीतल्या एका पोराने सांगितलं, इकडे सावळी म्हणजे आपली सावली. मी पोट धरून हसलो. घाटावरचा अडाणी तो अडाणीच म्हटलं.

त्याच आठवड्यात पुन्हा लायट गेली. मी मागच्या दारी फ्यूज तपासत होतो आणि आतून आवाज आला, "बाबा, इकडं ये."

बारीक आवाज, पोरीचा. मी पाना टाकून धावलो. अंधारात पोरं दिसत नव्हती, पण आवाज भिंतीपाशीच होता. बाबा, बाबा, करत होता. मी तिथेच बसून रडलो, खोटं कशाला बोलू. लायट आली तेव्हा सुविधा नेहमीसारखी गप्प बसली होती. सुधीर म्हणाला, सावळी बोलली. मी म्हटलं, गप रे, बहिणीचं कौतुक बघवत नाही तुला.

मग तसंच होत गेलं. लायट गेली की आवाज, आली की चूप. रत्नाने तर पहिल्यांदा आई ऐकलं त्या दिवशी सगळ्या वाडीला साखर वाटली. मी साखर घेऊन वहिनींकडे गेलो. सगळं श्रेय तुमचंच म्हटलं, तुमच्यामुळे पोरीची भीती मोडली. सावळीला हाक मारल्याची गंमतही सांगितली.

वहिनींनी साखरेची वाटी खाली ठेवली.

"जयवंतबाब, सावळी दाखवची असता. तिका हाक मारूची नसता."

मला हसू आलं. मी म्हटलं, वहिनी, दिवाच नसेल तर सावली पडत नाही.

"पडना नाय," त्या म्हणाल्या. "पण मगे जाता खंय?"

अंधारात सावली जाते कुठे म्हणे! मी मान हलवत घरी आलो. त्या दिवसापासून वहिनींनी भिंतीवर ससा काढला नाही. लायट गेली तर पोरांना मांडीवर घेऊन गोष्टी सांगायच्या, तीन-तीन कंदील लावून. त्याही अशा सांगायच्या की कंदिलाभोवतीचे किडेसुद्धा ऐकत बसावेत.

पाऊस सरला. फांद्या छाटल्या गेल्या. महिनाभर लायट गेली नाही आणि घरात पोरीच्या आवाजातला आई हा शब्द ऐकू आला नाही. रत्ना सुकत चालली. जेवताना पोरीच्या तोंडाकडे बघत बसायची. एका संध्याकाळी तिनेच मला सांगितलं, मेन बंद करा.

आयुष्यभर मी लायट आणायचं काम केलं. त्या दिवशी सुविधाला कडेवर घेऊन मेनपाशी गेलो आणि खटका खाली ओढला. सुधीर वहिनींकडे होता. रत्ना भिंतीपुढे बसली होती.



मग भिंतीकडून आवाज आला. "आई."

रत्ना हुंदके देत म्हणाली, बोल बाळा, अजून बोल.

सुविधा माझ्या कडेवर होती. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. मी चाचपडत तिच्या ओठांवर बोट ठेवलं.

ओठ मिटलेले होते.

"आई, मला भूक लागली," भिंतीकडून आवाज आला. "लायट लावू नको हं."

"नाही लावत, सोन्या," रत्ना म्हणाली. किती तरी दिवसांनी तिच्या आवाजात हसू होतं.

माझा मोकळा हात पुन्हा मेनवर गेला होता. खटका वर न करता तो मी खाली घेतला.