उष्टा आवाज

ज्याला हे खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं समजावं. हे खोटं निघालं असतं तर मीच पहिल्यांदा देवीपुढे नारळ फोडला असता.

माझ्या सख्ख्या आतेबहिणीच्या बाबतीत हे घडलंय. मागच्या नवरात्रात, सप्तमीला, लालबागच्या एका मंडळाच्या स्टेजवर. दिवेलागणीला सुरू झालं आणि दहाला स्पीकर बंद व्हायच्या आत संपलंसुद्धा. मंडप माणसांनी गच्च भरला होता. एकालाही काही कळलं नाही.

तिने स्वतः मला हे सांगितलं. कोणत्या आवाजात, ते शेवटी सांगतो.

मीनाक्षी तिचं नाव. डिलाईल रोडच्या चाळीतली, गिरणी कामगाराची पोर. बाविसाव्या वर्षी तिचं ‘पोपटी ओढणी’ नावाचं पॉप गाणं आलं आणि त्या वर्षी आमच्याकडे त्या गाण्याशिवाय एक वरात निघाली नाही. पुढचे दोन अल्बम कधी आले आणि कधी गेले, कुणाला कळलं नाही. आता ती अठ्ठेचाळीसची आहे. लोकांना मात्र तिच्याकडून अजून तेच गाणं हवं असतं, आणि तेही बाविशीतल्या आवाजात.

तो आवाज आणायचा कुठून?

चाळिशीनंतर तिचा गळा गेला. वरचा सूर लावला की फाटायचा. घरात भांडी घासताना गुणगुणली तरी स्वतःच्याच आवाजाची शिसारी येऊन गप्प बसायची. मग तिने ऑर्केस्ट्रावाल्यांची जुनी युक्ती धरली. मायनस ट्रॅक म्हणजे नुसतं संगीत, त्यावर आपण गायचं. प्लस ट्रॅक म्हणजे रेकॉर्डिंगमधल्या आवाजासकट सगळं. ती प्लस लावायची, माईक बंद ठेवायची आणि ओठ हलवायची.

साउंडवाल्या मयूरशिवाय कुणाला पत्ता नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडली तर पुन्हा कुणी स्टेजवर बोलावणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

त्या दिवशी कार्यक्रमात अक्षदा नावाची वीस वर्षांची मुलगीही गाणार होती. टीव्हीवरच्या स्पर्धेतून आलेली. कपडे बदलायला मंडळाने चाळीतली तळमजल्याची एक खोली दिली होती. तिथे अक्षदाने वाकून नमस्कार केला.

“काकू, तुमचं गाणं माझ्या मम्मीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आहे!”

पोर अगदी मनापासून बोलली. मीनाक्षीला मात्र तिच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली.

संध्याकाळी साउंड चेक झाला. मंडपात अजून कुणी नव्हतं. मयूरने ट्रॅक लावला.

ढोलकी, कीबोर्ड... आणि पहिल्या ओळीच्या आधी एक आवाज आला.

चप... चप... चप...

कुणीतरी काहीतरी चघळत होतं.

“ताई, हे पहिले नव्हतं यार,” मयूर म्हणाला. “फाईल तीच आहे. मी हात पण नाही लावला.”

मीनाक्षीला तो आवाज माहीत होता. दादरच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला ती गुलाबी च्युइंगम चघळत गेली होती. रेकॉर्डिस्ट ओरडला, तेव्हा तिने ते काढून कागद ठेवायच्या स्टँडखाली चिकटवलं होतं. गाणं संपल्यावर पुन्हा तोंडात टाकलं होतं. बाविशीत कसली आलीय किळस!

गाणं सुरू झालं. सवयीने तिने ओठ हलवले.

जिभेवर स्ट्रॉबेरीची गोडी आली... आणि दातांच्या मागे काहीतरी मऊ लागलं. कोमट.

तिने तळहातावर थुंकून पाहिलं.

गुलाबी च्युइंगम. ताजं. लाळेने चकचकीत. त्यावर दातांचे ठसे होते, आणि त्यांत पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसत होता. तिचा तो दात तसाच होता... डॉक्टरकडून सरळ करून घेण्याआधी.

ती त्या खोलीतल्या मोरीत धावली. ओकली. मिठाने दात घासले, जीभ घासली, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासली. गोडी गेली नाही.

तरी ती स्टेजवर गेली. अक्षदा नुकतीच गाऊन उतरली होती, पब्लिक अजून तिच्याच नावाने ओरडत होतं. न जाऊन सांगणार काय?

ट्रॅक लागला. फोन वर झाले. पहिलं कडवं नीट गेलं. दुसरं सुरू होता होता... पुन्हा ते तोंडात आलं.

या वेळी मोठं होतं. लिंबाएवढं. दुसऱ्या कुणीतरी भरपूर चघळून तिच्या तोंडात कोंबावं, तसं. टाळूला चिकटलं, जिभेखाली पसरलं. त्यात एक केस होता. लांब आणि काळा. तिचे केस आता इतके काळे राहिले नव्हते.

तेवढ्यात समोरच्या मॉनिटरमधून, म्हणजे गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवतात त्या स्पीकरमधून, तोच कोवळा आवाज आला. पण शब्द गाण्यातले नव्हते.

“शी... काय म्हातारी झालीयेस.”

तिला संताप आला. सव्वीस वर्षं ट्रॅकमधली ही पोरगी तिच्या जिवावर जगत होती, आणि वर तिलाच नाकं मुरडत होती!

तिने मयूरकडे पाहून हाताने खूण केली. मायनस लाव. माईक चालू कर.

मयूरने डोळे विस्फारले. पण त्याने ट्रॅक बदलला. आता फक्त संगीत होतं. आपला आवाज फाटू दे, लोक हसू देत, पण आज आपण गायचं, असं तिने ठरवलं होतं.

त्यासाठी तोंड मोकळं हवं होतं.

पण थुंकणार कुठे? पाठीमागे देवी बसलेली. देवीच्या दारात उष्टं थुंकायचं? चाळीत वाढलेल्या बाईच्या हातून ते होणं शक्यच नव्हतं.

तिने डोळे मिटले... आणि गिळलं.

ते सावकाश खाली उतरलं. गळ्यात थांबलं. मग तिने तोंड उघडलं आणि ती गायली.

मंडप वेडा झाला. शिट्ट्या, टाळ्या! बाविशीतला तोच स्वच्छ आवाज, वरच्या सुरालाही अडखळला नाही. मयूर पांढराफटक पडून लॅपटॉपकडे बघत होता. मायनसच चालू होता.

स्टेजवरून उतरल्यावर अक्षदा धावत आली. “काकू, काय गायलात!”

“थँक यू,” मीनाक्षी म्हणाली.

त्याच आवाजात.

तो आवाज नंतर बदललाच नाही. घरी गेल्यावर आत्या, म्हणजे तिची आई, तिच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “मीने, तू अशी बोला नको बाय. माका भंय वाटता.”

मीनाक्षी हसली. तिला पुन्हा कामं मिळू लागली, सगळीकडून बोलावणी. हे सगळं तिने मला हसत हसत सांगितलं, बाविशीतल्या त्या गोड आवाजात. तोंडात काही नव्हतं, तरी जबडा हलत होता.

चप... चप...

मग मला इंटरनेटवर तिच्या जुन्या गाण्याखालच्या कमेंट दिसल्या. सगळ्या सप्तमीनंतरच्या.

“ही कोण म्हातारी गातेय?”

“शी! ओरिजिनल टाका.”

म्हटलं, कुणीतरी खोडसाळपणा केला असेल. पण माझ्याकडे मूळ कॅसेट होती, तिने सही करून दिलेली. कित्येक वर्षं ती पत्र्याच्या पेटीत पडून होती. कॅसेटमध्ये कोण शिरणार?

भरदुपारी टेपरेकॉर्डर काढून मी ती लावली.

ढोलकी वाजली. मग एक थकलेला, फाटका आवाज गायला लागला. तोंडात बोळा कोंबल्यासारखा. मधेच ओकारी यायची, ती आवरून पुन्हा गायचा.

दोन कडव्यांच्या मधे संगीत थांबलं.

“हितू...”

मला हितू फक्त मीनाक्षी म्हणते. म्हणायची. हल्ली ती मला हितेंद्र म्हणते.

“हितू... कुठे थुंकू रे?”

मी खटकन बंद केलं.

कॅसेट अजून पेटीतच आहे. फेकवत नाही, आत माझी बहीण आहे. मधूनच वाटतं, लावावी, तिच्याशी दोन शब्द बोलावेत. पेटी उघडतो. आतून स्ट्रॉबेरीचा आणि शिळ्या लाळेचा वास येतो.

शी, म्हणतो आणि मीसुद्धा झाकण लावतो.