वाऱ्याने खाल्लेले दहा हजार ज्यूल

"ताशी बहात्तर किलोमीटर! आबा, हाडं गोळा करावी लागतील तुमची!" शाल्मलीने वही आपटली.

चंद्रावरच्या वसाहतीत जन्मलेली ही दहा वर्षांची पोर पहिल्यांदाच पृथ्वीवर, वाईजवळ आजोबांकडे आली होती. आबांना एकच ध्यास होता. लहानपणी धाकट्या बहिणीला, सुमनला, मागे बसवून ज्या उतारावरून सायकल सोडायचे, तिथून पुन्हा एकदा जायचं. उद्यापासून तो रस्ता बोगद्याच्या कामासाठी कायमचा बंद होणार होता. पण शाल्मलीच्या आईने बजावलं होतं, "शाल्मलीचं गणित हो म्हणेल, तरच!"

गणित तर साफ नाही म्हणत होतं. उतार वीस मीटर उंच. आबा आणि सायकल मिळून ऐंशी किलो. वरची ऊर्जा म्हणजे वस्तुमान × गुरुत्वाकर्षण × उंची, ८० × १० × २०, म्हणजे सोळा हजार ज्यूल (ऊर्जा मोजायचं एकक). ती सगळी वेगात गेली, तर खाली सेकंदाला वीस मीटर, म्हणजेच ताशी बहात्तर किलोमीटर!

"मग आम्ही दोघं जिवंत कसे राहिलो गं?" आबा मिश्कील हसले.

शेवटी तिने आबांच्याच वजनाचा आणि बांध्याचा यंत्रमानव ढोम्या सायकलवर बसवून सोडला. बिचारा बोंबलत गेला, पण खाली वेग भरला सेकंदाला फक्त दहा मीटर! गतिज ऊर्जा (वेगामुळे असलेली ऊर्जा) ½ × ८० × १० × १०, म्हणजे चार हजार.

"अय्या! बारा हजार गेले कुठे?"

"दोनेक हजार टायरांनी खाल्ले. बाकीचे?"

शाल्मलीच्या बटा वाऱ्याने डोळ्यांवर आल्या आणि तिने जीभ चावली. चंद्रावर वसाहतीबाहेर हवाच नसते, म्हणून हिशेबात ती धरलीच नव्हती!

"हवा! ती उलट ढकलते, म्हणून तिचं काम उणे दहा हजार ज्यूल!"

"शाब्बास! आधी किती होती, शेवटी किती उरली, ते बघायचं. मग न दिसणाऱ्या हवेचं कामही मोजता येतं."

"जा आबा. पण ब्रेक दाबत!"

आबांनी कॅरियर थोपटलं. "सुमन जाऊन चार वर्षं झाली. एकट्याने जाववत नाही गं."

शाल्मली टुणकन बसली. सायकल सुटली, वारा कानांत भणभणला आणि आबा मोठ्याने ओरडले, "सुमे, घट्ट धर!" तिने घट्ट धरलं.

खाली पोचल्यावर ती म्हणाली, "मंगळावर हवा विरळ असते ना? तिथे वारा किती काम करेल?"

"मोठी झालीस की मोजून कळव मला." आबांनी डोळे पुसले. "जरा लवकर हं, बाळा."