पडद्याची बायांकडची बाजू

नाचणगावच्या विहिरीवर रुखमा शेवटची घागर ओढत होती, तेवढ्यात कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक फुसफुसत येऊन उभा राहिला. ड्रायव्हर उतरला. गाडी सुरू करायच्या हँडलचा फटका बसून त्याच्या उजव्या भुवईवर वण पडला होता.

"गाडी तापली, बाई. थोडं पानी देता काय?"

"गाडीले भेटन. ड्रायव्हरले नाई."

"अन् ड्रायव्हर तापला तं?"

"तं त्याले म्हणा, बस निंबाखाली."

बसला की तो! त्यानंतर या ड्रायव्हरची, श्रावणची, गाडी नेमकी त्याच विहिरीशी तापू लागली. एवढी तापट गाडी अख्ख्या पुलगावात दुसरी नसेल. वर्षभरात रुखमाला त्याचा हॉर्न शंभरांतून ओळखू येऊ लागला, आणि लग्न करीन तर याच्याशीच, हे तिनं मनात पक्कं करून टाकलं.

मग मुंबईच्या एका सिनेमा कंपनीनं त्याला उचललं. पहिल्या दोन चित्रपटांत नायकाचा कोट घालून, कॅमेऱ्याकडे पाठ करून त्यानं मोटारी पळवल्या. तिसऱ्यात, 'उडती मोटर'मध्ये, त्याला पहिल्यांदा चेहरा मिळाला... शर्यत हरणाऱ्या प्रेमिकाचा. हे सांगायला तो विहिरीवर आला.

"पत्र धाडू नका," रुखमा म्हणाली. "मले वाचता येत नाई, अन् वाचून दाखवनार माहा भाऊ."

"मंग पडद्यावरूनच सांगीन. शर्यत झाली का मी गाडीतून उतरतो. उजव्या हातानं घाम पुसला तं समजजो, कंपनीत पक्का झालो — सिनेमा पुलगावात आला का येनाऱ्या दिवाळीले तुले मागाले येतो. डावा असला तं... माही वाट पाहू नको."

दीड वर्ष रुखमानं आलेल्या प्रत्येक स्थळात खोड काढली. अखेर पुलगावच्या मैदानात तंबूतला सिनेमा आला, 'उडती मोटर'च. मधे चित्र आरपार दिसावं म्हणून ओला केलेला पडदा, अलीकडे मशीन आणि पुरुष, पलीकडे बाया. जन्मातला तिचा पहिलाच सिनेमा. श्रावण दिसला, पण चेहरा जरा परका वाटला. मुंबईचं पाणी लागलं, असं तिला वाटलं. शर्यत संपली. तो उतरला... आणि डावा हात कपाळाशी गेला.

तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. महिन्याभरात आर्वीच्या स्थळाला तिनं होकार दिला.

दिवाळसणाला ती माहेरी आली, तर विहिरीशी एक काळी मोटार उभी. श्रावणची नजर तिच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांवर गेली आणि तिथंच राहिली.

"काऊन थांबली नाईस, रुखमा?"

"तुमीच डावा हात केला. बायांच्या बाजूनं बसून म्या सोता पाह्यलं."

"बायांच्या बाजूनं..." तो पुटपुटला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. त्यानं पुन्हा त्या काळ्या मण्यांकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला, "डावाच होता."

"मंग आता कशाले आले?"

"गाडी तापली, बाई. थोडं पानी पाहिजे होतं."

तिनं घागर आणली. मोटारीच्या पाण्याच्या टाकीचं झाकण काढायला तो वाकला, आणि तिला वण दिसला — उजव्या भुवईवर. तंबूत तो डाव्या भुवईवर होता! म्हणून चेहरा परका वाटला होता. पडद्यामागून उजवं ते डावं दिसतं... हातही उजवाच होता.

बोलावं? पण तिनं सुखानं नांदावं म्हणून तर तो खोटं बोलला होता. ते खोटं तिनं जपायचं ठरवलं.

झाकण थंडगार होतं. टाकी काठोकाठ भरलेली. तरी ती ओतत राहिली, पाणी उतू जाऊन त्याच्या नव्या बुटांवरून वाहत राहिलं, आणि दोघांतलं कोणी "पुरे" म्हणालं नाही. घागर रिकामी झाली.

"निवली गाडी?"

"निवली," तो म्हणाला, आणि कपाळ पुसू लागला.

कोणत्या हातानं, ते पाहायला रुखमा थांबली नाही.