उंदीरवाल्याचा डावा कान

"दार लावा हो आधी! पोरींना वारा लागतोय!"

बाहेर एप्रिलचा गार पाऊस नुसता झोडपत होता. काखेत माझी कुत्री ग्रेव्ही, डोक्यावर जाकीट, बुटांत पाणी — अशा अवतारात मी दिसेल त्या दारातून आत घुसले होते, आणि आत एक धिप्पाड माणूस उलट्या बादलीवर बसून माझ्यावरच ओरडत होता.

"कुठल्या पोरी?" दार पायानं ढकलत मी म्हटलं.

त्यानं मांडीवरचा टॉवेल जरासा उचलला. तीन उंदरांनी नाकं बाहेर काढली. गुबगुबीत, स्वच्छ, आणि माझ्यापेक्षा कितीतरी कोरडे.

"ही डोरिस. ही हेझल. आणि ही मार्ज... मार्ज आज रजेवर आहे. काल दिवसभर कुत्र्यांचं भुंकणं ऐकून घेतलं बिचारीनं."

"उंदरांना रजा?"

"नऊजणी आहेत. पाळ्या लावल्यात." चेहरा अगदी गंभीर. मार्जला एक वाटाणा देऊन झाल्यावर त्यानं दुसरा माझ्यापुढे धरला. "तुम्हाला?"

"वाटाणा?"

"भूक लागली असेल. रागावलेल्या दिसताय म्हणून म्हटलं."

आता सांगा, अशा माणसाशी काय भांडणार! मी मुकाट्यानं वाटाणा खाल्ला.

त्याचं नाव लॉवेल झॅस्ट्रो. आठवडाभर दुधाचा टँकर चालवायचा आणि शनिवार-रविवार आमच्या स्पर्धांचा उंदीरवाला. मी बेरिट क्वामे, पशुखाद्याच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर शेतकऱ्यांशी हुज्जत घालून घालून जीभ धारदार झालीय, असं आई म्हणते. आणि ग्रेव्ही म्हणजे माझी अकरा वर्षांची डॅशहंड. लांबच लांब, बुटकी, कानानं निम्मी बहिरी. पण नाक? अहो, शेजारच्या घरात भाकरी भाजून कुणी खिडकी लावली तरी हिला कळतं.

आमचा खेळ सांगायला सोपा आहे. गोठ्यात पेंढ्याच्या गाठी रचतात. त्यांत भोकं पाडलेल्या जाड नळ्या लपवतात. काहींत उंदीर सुखरूप बसलेला असतो, काहींत नुसता उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा, फसवायला. कुत्र्यानं वास काढायचा, मालकानं ओरडायचं, "उंदीर!" की उंदीरवाला येऊन नळी काढून घेतो. वरच्या वर्गात मात्र किती उंदीर लपवलेत ते कुणी सांगत नाही. एक असेल, पाच असतील. सगळे मिळाले असं वाटलं की "संपले" म्हणायचं. एक चुकीचा पुकारा केला, किंवा एक जरी मागे राहिला, की बाहेर. असे पाच वेळा पास झालात की कुत्र्याच्या नावापुढे कायमचा किताब लागतो. आमच्या विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यात लोक ओळख करून देताना आधी कुत्र्याचा किताब सांगतात, मग मुलांची नावं.

ग्रेव्हीला तो किताब मिळावा, एवढंच माझं त्या वर्षीचं मागणं होतं. तिची पाठ दुखायला लागली होती. डॉक्टरांनी तिला चाचपून सरळ सांगितलं, "सप्टेंबरपर्यंत ठीक आहे. मग गाठींवर चढणं बंद." म्हणजे पाच स्पर्धा आणि पाच पास. एकही वाया घालवायचा नाही.

एप्रिलचा पास ती झोकात घेऊन आली. मेमध्येही. लॉवेल रिंगणात असायचाच, हिरवी बंडी घातलेला, दगडासारख्या चेहऱ्याचा. उंदीर कुठे आहे हे त्याला माहीत असतं ना, म्हणून चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, असा नियमच आहे. बाहेर मात्र हा माणूस वेगळाच. जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी येऊन बसायचा, पिशवीतलं ताजं चीज पुढे करायचा.

"घ्या. दातांखाली करकर वाजतंय, इतकं ताजं आहे."

"उंदरांचं उरलेलं का?"

"छे! त्यांच्यासाठी आधी वेगळं काढलं. तुमचा नंबर दुसरा."

"दुसरा? उंदरांनंतर?"

"नऊजणींनंतर म्हणजे... दहावा खरं तर." आणि गालातल्या गालात हसायचा. मला राग यायला हवा होता. आला नाही. घरी जाताना उगाच गाणं गुणगुणत गाडी चालवली, आणि ग्रेव्ही मागच्या सीटवरून माझ्याकडे संशयानं बघत राहिली.

जूनमध्ये घोळ झाला.

ग्रेव्ही एका गाठीपाशी थांबली. शेपटी हलेना, पंजा उचलेना, नुसती थांबली. ओरडू की नको? खरा उंदीर की नुसता भुसा? घड्याळ पळत होतं. नळी घ्यायला लॉवेल जवळ येऊन उभा राहिला होता. माझी नजर सहज वर गेली... आणि त्याचा डावा कान! लालबुंद! चेहरा दगडाचा, पण कान पिकलेल्या टोमॅटोसारखा.

"उंदीर!" मी ओरडले. उंदीर निघाला.

पुढच्या वेळी ग्रेव्ही थांबली, मी कान पाहिला. लाल. "उंदीर!" निघाला. जुलैच्या स्पर्धेत तर मी कुत्रीकडे कमी आणि कानाकडे जास्त बघत होते. एकदाही चुकला नाही तो कान. चार पास झाले.

आणि माझी झोप उडाली. कारण ही सरळ सरळ लबाडी होती हो! उत्तरपत्रिका उघडी दिसतेय आणि मी खुशाल उतरवून घेतेय. किताब कुणाचा होणार? माझ्या म्हातारीचा, की झॅस्ट्रोच्या कानाचा? कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर पास गेले. आणि लॉवेलला सांगितलं तर... तो पुढच्या वेळी कानटोपी घालून येईल, एवढंच नाही. तो माझ्याकडे पूर्वीसारखं बघणार नाही. हे दुसरं भय पहिल्यापेक्षा मोठं आहे, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. ऑगस्टमध्ये स्पर्धा नव्हती, आणि आख्खा महिना बेचव गेला.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार उजाडला. पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता. जेवणाच्या सुट्टीत लॉवेल आला, पण चीजची पिशवी तशीच मिटून बसून राहिला.

"काय हो, पोरींनी संप केलाय का?" मी विचारलं.

"नाही." तो ग्रेव्हीच्या कानामागे खाजवत राहिला. "आज हिची शेवटची ना?"

"शेवटची. पास झाली तरी, नाही झाली तरी."

"हं," एवढंच म्हणून तो उठून गेला. जाताना त्यानं मागे वळून पाहिलं, आणि मी पटकन थर्मासचं झाकण लावायला लागले. ते आधीच लावलेलं होतं.

रिंगणात शिरताना मी मनाशी शपथ घेतली — आज कानाकडे बघायचं नाही. मेलं तरी नाही. आज ग्रेव्ही सांगेल ते खरं.

पहिला उंदीर दारापाशीच मिळाला. दुसरा गाठींमधल्या बोगद्यापलीकडे. तिसऱ्यासाठी ती दोन गाठी चढून गेली, हळूहळू, एकेक पाय उचलत. पण शेपटी? ताठ! तिसराही मिळाला. मग तिनं आख्खं रिंगण एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. मी तिच्या मागे मागे गाठीवर चढले, आणि ओल्या बुटानं घात केला. पाय सटकला. तोल सावरायला हात टाकला तो नेमका लॉवेलच्या खांद्यावर. तो कोपऱ्यात उभा होता. मी वर पाहिलं. पाहायचं नव्हतं, पण पाहिलं.

कान लालभडक.

म्हणजे चौथा उंदीर इथेच आहे! या कोपऱ्यात! आणि ग्रेव्ही? ग्रेव्ही या कोपऱ्यावरून दोनदा गेली होती आणि थांबली नव्हती. आत्ता तर ती खाली येऊन माझ्या बुटाशी बसली होती. तोंड वर करून, निवांत. तिचं म्हणणं स्पष्ट होतं, झालं काम, चला घरी.

"तीस सेकंद," परीक्षक ओपलबाई म्हणाल्या.

कान एकदाही चुकला नव्हता. तोंडात "उंदीर" आलाच होता. पण ग्रेव्हीचे ते डोळे... अकरा वर्षं या बाईनं मला कधी फसवलं नाही, आणि आज शेवटच्या दिवशी मी तिच्यापेक्षा एका कानावर विश्वास ठेवू?

"संपले!" मी ओरडले. आवाज चिरकला.

ओपलबाईंनी कागद पाहिला. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, घाई माहीतच नाही. "तीन लपवले होते, तीन मिळाले. पास."

गोठाभर टाळ्या झाल्या. ग्रेव्हीला उचलून मी इतकी रडले की तिनं वैतागून माझं नाक चाटलं. किताबाची जांभळी फीत हातात आली. पण ती तिच्या पट्ट्याला बांधायला माझी बोटं चालेनात. आजचा पास तिचा होता, पण जूनचा? जुलैचा?

मी तडक ओपलबाईंच्या टेबलाशी गेले. लॉवेल तिथेच नळ्या पुसत होता. बरं झालं, एकदाच काय ते.

"ओपलबाई, ही फीत परत घ्या. मी लबाडी केलीय. जूनपासून मी ह्यांचा कान बघत होते. उंदीर जवळ आला की ह्यांचा डावा कान लाल होतो. ग्रेव्हीचा काही दोष नाही, सगळा माझा आहे."

ओपलबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि लॉवेलकडे पाहिलं. कान आत्ताही लाल होता.

"झॅस्ट्रो, आत्ता उंदीर कुठे आहेत?"

"पिंजऱ्यात, बाई. नऊच्या नऊ."

"मग हा कान?"

लॉवेलच्या हातातली नळी खाली पडली. गडगडत टेबलाखाली गेली. तो वाकला, उठला, बंडीला हात पुसले.

"फीत तिच्याकडेच राहू द्या," तो शेवटी म्हणाला. "कानाचा उंदरांशी काही संबंध नाही."

"मग कुणाशी आहे?"

"...हिच्याशी."

पत्र्यावरचा पाऊस एकदम फार मोठ्यानं ऐकू यायला लागला.

"पण दर वेळी उंदीर निघाला की!" मी चिडूनच म्हटलं.

"निघणारच! ग्रेव्ही थांबते तिथे तुम्ही धावत येता. नळी घ्यायला मीही येतो. म्हणजे आपण... जवळ येतो. आणि ग्रेव्ही खोट्या जागी थांबतच नाही, तिथे उंदीर असतोच. आज ती थांबली नव्हती. आज तुम्ही नुसत्याच आलात." त्यानं मान खाली घातली. "शिवाय तुम्ही दर वेळी माझ्याकडे बघायचात. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"वाटलं, मलाच बघताय."

मला हसू आलं, रडू आलं, आणि छातीवरचा धोंडाच उतरला. सगळे उंदीर माझ्या म्हातारीनेच शोधले होते. पाचही पास तिचेच, चोख.

"आधी कान बघत होते," मी म्हटलं. खोटं कशाला बोला! "पण ऑगस्टमध्ये कान नव्हता... आणि जी आठवण येत होती ती कानाची नव्हती."

आता दुसरा कानही लाल झाला.

ओपलबाई खाकरल्या. "नियम असा आहे की उंदीरवाला मालकाचा नातलग किंवा प्रियकर असता कामा नये. आजपर्यंत तुम्ही दोघं एकमेकांशी काय बोललात?"

"वाटाण्याबद्दल," मी म्हणाले.

"आणि चीजबद्दल," तो म्हणाला.

"पाच महिने?" ओपलबाईंनी कपाळाला हात लावला. "मग फीत राहिली. नियम या क्षणापासून लागू. झॅस्ट्रो, पुढच्या वर्षी हिच्या कुत्रीसाठी तू रिंगणात उभं राहायचं नाहीस."

"पुढच्या वर्षी ती येणारच नाहीये, बाई," लॉवेल हळूच म्हणाला. "म्हणून तर सकाळपासून घास उतरला नाही."

ओपलबाईंना एकाएकी दुसऱ्या टेबलावर फार काम निघालं.

मी जांभळी फीत ग्रेव्हीच्या पट्ट्याला बांधली. आता बोटं नीट चालत होती. मग त्याच्याकडे वळले.

"लॉवेल, तुझा टँकर आमच्या रस्त्यानं जातो का रे?"

'तू' ऐकून त्यानं पुन्हा बंडीला हात पुसले.

"नाही. तुझा रस्ता... अकरा मैल वाकडा पडतो."

"मग?"

"मग काय? अकरा मैलांत दूध काही नासत नाही."

त्यानं हात पुढे केला. पेंढा लागलेला, खरबरीत, ऊबदार हात. मी तो धरला आणि सोडला नाही.

"गुरुवारी येऊ?" त्यानं विचारलं. "ग्रेव्हीला बघायला?"

"तिला झोपू दे. तिचं काम झालंय," मी म्हटलं. "तू मला बघायला ये."