धुवायचं, कोरायचं नाही

"थांबा! कोरू नका!"

हाक आली तेव्हा ती मैदानाकाठच्या नळावर वाकून आपल्या वेजच्या पात्यावरच्या बारीक खाचांमधून टोकदार हत्यार फिरवत होती. वाळूत फसलेला चेंडू अलगद उचलून देणारी ही गोल्फची काठी तिच्या विशेष लाडाची. थोड्याच वेळात अंतिम फेरी होती आणि आपणच जिंकणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

"माती काढतेय," ती मान वर न करता म्हणाली. "तुमच्या पोटात का दुखतंय?"

"मातीला ब्रश पुरतो. मी आजचा तपासनीस."

आता तिनं वर पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, आणि डोळ्यांत — छे! — चक्क काळजी.

त्यानं खाचांना माप लावलं. मग पुन्हा लावलं. कोरून कोरून त्या नियमापेक्षा रुंद झाल्या होत्या.

"पिशवीत राहू दे. पण हिनं एक जरी फटका मारलात, तर स्पर्धेतून बाद."

"केसभर तर फरक आहे!" तिनं ठेवणीतलं हसू काढलं. "करा ना काणाडोळा... माझ्यासाठी."

त्याचे कान लाल झाले. पण नाही म्हणजे नाही.

शेवटच्या होलला चेंडू नेमका वाळूत गेला. तिचा हात वेजकडे गेला... आणि तिनं दुसराच क्लब उचलला. चेंडू काठावर आपटून परत वाळूत आला. एका फटक्यानं ती हरली. तिला खेळ शिकवणाऱ्या आत्यानं कपाळाला हात लावला.

ती तडक तपासनिसासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमच्यामुळे हरले."

"माहितीये. वाटलं, आता माझं तोंडही पाहणार नाही तुम्ही."

"काणाडोळा केला असतात, तर करंडक घेऊन सरळ घरी गेले असते. वळूनही पाहिलं नसतं." ती एक पाऊल पुढे आली. "माझ्या गोड बोलण्यानं न विरघळणारा माणूस आजवर भेटला नव्हता. मला तू आवडलास."

"न विरघळणारा?" तो हसला, पहिल्यांदाच मोकळेपणी. "माप दोनदा का लावलं मी? पहिल्यांदा हातच थरथरत होता... तू इतकी जवळ उभी होतीस."